सपाट जॉब बेडवर कसा बसवायचा: कोरीव काम आणि मशिनिंगसाठी क्रमवार रीत

मशीनवरून उतरलेल्या पाटीवरचं नाव मी नंतर वाचतो, आधी शिरोरेषा पाहतो. देवनागरीची ही लांब आडवी रेघ पाटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, त्यामुळे पत्रा कुठे उचलला होता आणि कुठे टेकला होता हे ती लपवू शकत नाही. रेघ मध्ये जाड आणि टोकांना बारीक असेल तर पत्र्याचं पोट वर आलेलं होतं. एकाच टोकाला पुसट असेल तर ते टोक खाली होतं, किंवा बेडच, म्हणजे पत्रा ज्यावर ठेवतात तो मशीनचा पाटाच, तिरका होता. रेघेच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसल्या, तर पत्रा खालून मोकळा राहून थरथरत होता.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि पॅनलवाल्यांच्या रेटिंग प्लेट (यंत्राची माहिती कोरलेल्या पट्ट्या), दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या घरांच्या पितळी पाट्या, गणेशोत्सवाच्या आधी मंडळांची ॲक्रिलिकची स्मृतिचिन्हं असं काम चालतं. स्वतःचं छोटं राउटर (फिरत्या कटरने कोरणारं-कापणारं मशीन) घेतलेली मुलं बिघडलेले जॉब, म्हणजे कामाला घेतलेला पत्रा किंवा शीट, दाखवायला येतात आणि म्हणतात, बिट (कोरणारं टोक) खराब निघालं, स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) हलतंय, सॉफ्टवेअर चुकतंय. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. जॉब घट्ट धरलेला असतो, पण बसवलेला नसतो. त्यावर ते आणखी एक क्लॅम्प लावतात, पाना आणखी अर्धा फेरा फिरवतात, आणि पत्रा आणखी वाकतो.

क्लॅम्प किंवा टेप जॉबला जागेवरून हलू देत नाही, एवढंच त्याचं काम. कटरचा दाब झेलायला जॉबच्या खाली बेड असावा लागतो, आणि दोघांच्या मध्ये हवा नसावी. खालचा सगळा क्रम यासाठीच आहे. टप्पे मागेपुढे केले तर आधीची मेहनत वाया जाते. विशेषतः झेडचा झीरो (कटरच्या उंचीचा शून्य बिंदू) आधी घेऊन मग क्लॅम्प आवळणं ही सर्रास चूक आहे.

आधी एक हिशेब

६० अंशांचं व्ही-बिट घ्या, टोकाला ०.२ मिमी सपाटी असलेलं. खोली ०.२ मिमी दिली तर रेघ साधारण ०.४३ मिमी रुंद येते. पत्रा मध्ये ०.१५ मिमी वर असेल तर तिथे खोली ०.३५ होते आणि रेघ ०.६ मिमी. दुसरीकडे पत्रा तेवढाच खाली असेल तर खोली उरते ०.०५ आणि रेघ ०.२६ मिमी. म्हणजे एकाच शिरोरेषेची एक बाजू दुसरीच्या दुपटीहून जाड. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे इथे सगळी गोष्ट दीड कागदाची आहे. ९० अंशांचं बिट लावलं तर फरक आणखी वाढतो, ३० अंशांच्या बिटाने कमी होतो. पातळ, थोड्या वाकलेल्या पत्र्यावर अरुंद कोनाचं बिट वापरणं थोडं सोयीचं पडतं, पण त्याने बसवण्याचं काम टळत नाही.

टप्पा १: बेड

जॉब हातात घेण्याआधी बेड बघा. राउटरवर सहसा १८ मिमी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) स्पॉइलबोर्ड असतो, म्हणजे जॉबखाली झिजण्यासाठी ठेवलेली फळी. तो नवा असला तरी सपाट आहे असं धरून चालू नका.

१. स्पिंडल बेडला काटकोनात आहे का ते पाहा. स्पिंडलमध्ये डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) आडव्या दांड्यावर बांधा, वीज बंद ठेवून हाताने फिरवा, साधारण २०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार ठिकाणी आकडा घ्या. फरक ०.०५ मिमीच्या आत आणा.

२. स्पॉइलबोर्डचे सगळे स्क्रू आवळा. स्क्रूची डोकी किमान ५ मिमी आत गेलेली हवीत.

३. मग २५ मिमी किंवा मोठ्या सर्फेसिंग कटरने ०.२ ते ०.३ मिमीचा थर उतरवा. पूर्ण पृष्ठभागावर कटर लागला का हे कळावं म्हणून आधी पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवा. जिथे रेघ उरली तिथे खड्डा आहे, तिथवर पुन्हा थर उतरवा.

४. त्यानंतर बोर्डाचा एकही स्क्रू सैल करायचा नाही. करावाच लागला तर थर पुन्हा उतरवा.

थर उतरवल्यावर बोर्डावरून नख फिरवा. कटरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पायरी लागली तर स्पिंडल तिरकं आहे, १ पासून पुन्हा सुरुवात करा.

बडोद्याच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. जूनमध्ये उत्तम असलेला बेड जुलैच्या मध्यावर कडेने वर आलेला असतो. मी पावसाळा बसला की एकदा आणि संपला की एकदा असा थर उतरवतोच, आणि मधल्या काळात महत्त्वाच्या पाटीआधी पट्टी ठेवून बघतो. दर वेळी थोडा थोडा बोर्ड संपत जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तो संपण्यासाठीच असतो.

लोखंडी टी-स्लॉट (बोल्ट अडकवायच्या खाचांचा) बेड असेल तर ऑइल स्टोन सपाट धरून हलक्या हाताने फिरवा. पाना पडून उठलेला एखादा उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, दगडाखाली मात्र चमकतो.

टप्पा २: जॉबची खालची बाजू

लोक जॉबची वरची बाजू पुसतात, कारण गिऱ्हाइकाला ती दिसते. कोरीव काम बिघडतं खालच्या बाजूमुळे.

कातरीवर कापलेल्या पत्र्याच्या एका बाजूला कडेने बर (धातूची धारदार किनार) उठलेली असते. ती खाली गेली तर पत्रा चारही कडांनी उचलला जातो आणि मध्ये पोकळी राहते. चारही कडांवर कानस तिरकी धरून एकेक हात फिरवा, मग बोटाच्या टोकाने नव्हे, कापसाच्या बोळ्याने कड पुसा. धागा अडकला तर बर उरली आहे.

पितळ आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तेलाचा हात असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापड बदलून पुन्हा पुसा. ॲक्रिलिकला साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

*सावधान:* ॲक्रिलिकला थिनर किंवा ॲसिटोन लावू नका. पृष्ठभागावर बारीक तडे जातात. लेझरवर कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडांना तर अल्कोहोलनेही तडे जाऊ शकतात, कारण कापताना कडेत ताण भरलेला असतो.

संरक्षक फिल्म खालच्या बाजूला ठेवायची असेल तर ती सबंध, बुडबुडा आणि सुरकुती नसलेली हवी. अर्धवट सोललेली फिल्म म्हणजे जॉबखाली घातलेली पाचरच. मला शंका आली की मी ती काढून टाकतो.

आता तापमान. ॲक्रिलिक एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं. मे महिन्यात टेम्पोतून उतरवलेली ६०० मिमीची शीट आणि सावलीत थंड झालेली तीच शीट यांच्यात १५ अंशांचा फरक असेल तर लांबीत ०.६ मिमीहून जास्त फरक पडतो. दोन टोकांना आवळून धरलेली थंड शीट दुपारी गरम झाली की तिला वाढायला जागा नसते, मग ती वर फुगते. म्हणून शीट किमान काही तास शेडमध्ये, आडवी, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. पितळाची वाढ याच्या जवळजवळ चौथाई, त्यामुळे तिथे इतकी काळजी लागत नाही.

शेवटी बाक मोजा. जाड काचेवर किंवा सरफेस प्लेटवर जॉब ठेवा, कडेखाली आणि मध्ये फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. किती बाक आहे याइतकंच पोट कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचं, ते मार्करने खालच्या बाजूवर लिहून ठेवा. पुढे पकड ठरवताना लागेल. ३०० मिमी लांबीत अर्ध्या मिमीहून जास्त बाक असला तर मी तो पत्रा आधी सरळ करतो किंवा बदलतो. बसवण्याच्या युक्त्या त्यापुढे चालत नाहीत.

टप्पा ३: जागा आधी, पकड नंतर

क्लॅम्पने जॉबची जागा ठरवू नका. जागा ठरवायला टेकू वेगळे असतात. लांब बाजूला दोन पिना, आखूड बाजूला एक पिन, खाली बेड, एवढ्याने सपाट जॉब पूर्ण ठरतो. चौथी पिन घातली की ती कुठेतरी नडतेच.

पिनांची भोकं त्याच मशीनने पाडा, म्हणजे पिनांची रेघ आपोआप मशीनच्या अक्षाला समांतर येते. गुण्या लावून हाताने रेघ मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ६ मिमीच्या डॉवेल पिना पुरतात. पिन जॉबच्या जाडीपेक्षा बुटकी हवी, नाहीतर कटर तिच्यावर जाईल. पट्टीचा टेकू लावला तर आतल्या कोपऱ्यात छोटा खळगा ठेवा, कीस तिथे साचून जॉबला पट्टीपासून दूर ढकलतो.

प्रत्येक जॉबआधी एअर गन, मग हाताचा तळवा बेडवरून फिरवणं. तळव्याला कीसाचा एक कण जितका लवकर कळतो तितका डोळ्याला कळत नाही. मात्र स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय हात आत नाही, आणि फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नाहीत.

टप्पा ४: पकड निवडणे

*वरून दाबणारे क्लॅम्प.* जाड जॉबला उत्तम, २ मिमीच्या पत्र्याला धोक्याचे. पट्टीच्या क्लॅम्पमध्ये बोल्ट जॉबच्या जवळ हवा आणि मागची टाच जॉबपेक्षा किंचित उंच हवी. बोल्ट जॉबपासून टाचेपर्यंतच्या एक तृतीयांश अंतरावर असेल तर त्याच्या ताणाचा दोन तृतीयांश भाग जॉबवर येतो. बोल्ट मागे सरकवून टाचेजवळ नेला तर उलटं होतं, दोन तृतीयांश ताण टाचेखालच्या ठोकळ्यावर जातो आणि जॉबला उरतो एक तृतीयांश. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे निम्मे क्लॅम्प असे उलटे लावलेले असतात. टाच खाली असेल तर पट्टी जॉबच्या अगदी कडेवर टेकते, कड दबते आणि मध्यभाग वर येतो.

आवळताना समोरासमोरचे क्लॅम्प आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. प्रत्येक क्लॅम्पच्या बरोबर खाली जॉबला बेडचा आधार असलाच पाहिजे.

*बाजूने दाबणारी पकड.* वरचा पूर्ण पृष्ठभाग कोरायचा असेल तर पाचर किंवा कॅम क्लॅम्प बाजूने लावा. ५ मिमीच्या पुढे हे छान चालतं. पातळ पत्र्याला बाजूने दाबलं की तो धनुष्यासारखा वर येतो. तिथे ही पद्धत वापरू नका.

*स्क्रू.* शीटमधून आकार कापून काढायचे असतील तर उरणाऱ्या भागातून स्पॉइलबोर्डमध्ये स्क्रू मारणं सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं. शीटमधलं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा, म्हणजे आटे शीटला धरून वर उचलणार नाहीत. स्क्रूभोवती एमडीएफचा फुगवटा येतो, म्हणून बोर्डावरच्या भोकाचं तोंड आधी काउंटरसिंकने मोकळं करा. स्क्रूच्या जागा ड्रॉइंगमध्ये आधीच दाखवा. आठवणीवर विसंबलात की एक दिवस कटर स्क्रूवर जाईल.

*डबल टेप.* पातळ पाट्यांना माझी पहिली पसंती हीच, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

फोमची टेप अजिबात नको, ती मऊ गादी आहे. ०.१ मिमीच्या आसपासची पातळ टिशू टेप घ्या. टेपच्या पट्ट्या एकमेकींना खेटून लावा, एकीवर एक चढवू नका. चढलेल्या जागी जाडी दुप्पट होते आणि ती कोरलेल्या अक्षरात उमटते. फक्त चार कोपऱ्यांना तुकडे लावण्याची सवय सोडा. मग पाटीचा मध्यभाग टेपच्या जाडीइतका हवेत राहतो, बिट आलं की खाली दबतो, गेलं की वर येतो. जिथे जिथे कोरायचं आहे तिथे तिथे खाली टेप हवी.

लावल्यावर रबरी रोलरने किंवा सपाट लाकडी ठोकळ्याने मधून कडांकडे दाबत जा, वर वजन ठेवा, दहा मिनिटं थांबा. चिकटपणा दाबाने आणि वेळाने वाढतो. एमडीएफवर टेप थेट धरत नाही, कारण वरचा भुसा सुटतो. तिथे आधी रुंद मास्किंग टेप किंवा लॅमिनेटचा तुकडा असा गुळगुळीत पृष्ठभाग तयार करून घ्या.

बाक असलेला पत्रा टेपवर दाबून सपाट करू नका. टेप सरकण्याला चांगला विरोध करते, पण एका कडेने सतत उचलणाऱ्या ताणापुढे हळूहळू सुटत जाते. सकाळी चिकटलेली पाटी अर्ध्या तासाने एका कोपऱ्यात सुटते, नेमकी शेवटच्या अक्षराला.

*मास्किंग टेप आणि इन्स्टंट गोंद.* जॉबच्या खाली मास्किंग टेप, बेडवर मास्किंग टेप, आणि दोन टेपांच्या मध्ये पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाच्या रेघा, ३०-४० मिमी अंतराने. मिनिटभर दाबून धरा. डबल टेपपेक्षा ही पकड कडक असते, काम झाल्यावर टेप सोलून निघते, जॉबला गोंद लागतच नाही. गोंदाचे थेंब नकोत, थेंब पसरला नाही तर तिथे उंचवटा राहतो. धातूवर कटर तापला तर हा गोंद मऊ पडतो, म्हणून खोली थोडी थोडी घ्या.

*सावधान:* सांडलेला इन्स्टंट गोंद सुती चिंधीने पुसू नका. कापसाबरोबर तो झपाट्याने तापतो, चटका बसतो आणि डोळ्यांना झोंबणारा धूर येतो.

*व्हॅक्युम.* इथे लोक पंपाच्या भरवशावर जॉब ठेवतात आणि क्षेत्रफळाचा विचार करत नाहीत. ०.८ बार व्हॅक्युम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ किलोचा दाब. ३०० × २०० मिमीच्या पाटीवर तो ४८० किलोच्या आसपास होतो, ती हलायची नाही. पण ७५ × २५ मिमीच्या रेटिंग प्लेटवर होतो फक्त १५ किलो, आणि बाजूने ढकलायला त्याच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच जोर पुरतो. भरपूर हवा ओढणारा ब्लोअर असेल आणि त्याचं व्हॅक्युम ०.२ बारच असेल तर तीच छोटी प्लेट जेमतेम किलोभर जोराने सरकते. म्हणून छोट्या प्लेटा सुट्या ठेवू नका, एका मोठ्या शीटवर कोरा आणि शेवटी कापा, किंवा बाजूने पिनांचा आधार द्या.

हिशेबात धरायचं क्षेत्रफळ गॅस्केटच्या (हवा अडवणाऱ्या रबरी कडेच्या) आतलं, जॉबचं नव्हे. एमडीएफमधून हवा ओढायची असेल तर त्याचे दोन्ही पृष्ठभाग थोडे उतरवा, कारण वरची-खालची कातडी दाट असते. चारही कडा मात्र फेव्हिकॉल किंवा रंगाने बंद करा. न वापरलेली भोकं टेपने झाका.

आता मार्करने लिहून ठेवलेलं पोट आठवा. कडेने क्लॅम्प लावायचे असतील तर पोट खाली ठेवा, म्हणजे वर आलेल्या कडा दाबल्यावर पत्रा सपाट होतो. व्हॅक्युमवर ठेवायचा असेल तर पोट वर ठेवा, कारण कडा आधी गॅस्केटवर टेकल्या तरच हवा ओढली जाते आणि मग मधला भाग खाली येतो. पोट खाली ठेवलं तर कडांतून हवा शिरत राहते, पंप कितीही मोठा असो. हा एक मुद्दा ध्यानात आल्यापासून माझ्याकडे बाद होणारे जॉब निम्म्यावर आले.

*चुंबक.* साध्या लोखंडी पत्र्याला चालतो. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेस धरत नाही. ४३० स्टेनलेस धरतं. चुंबकाला चिकटलेला कीस बेडवर राहतो, तो दर वेळी पुसावा लागतो.

हाताने छिन्नीकाम करणारे राळ, विटेची पूड आणि तेल यांच्या गरम मिश्रणात पत्रा बसवतात. मशीनला ते सोयीचं नाही, पण तत्त्व तेच: खाली सगळीकडे भरीव आधार. हातकाम करणार असाल तर त्याहून चांगलं काही मला ठाऊक नाही.

टप्पा ५: आवळताना तपासणी

ही तपासणी कोणी करत नाही, आणि चुका पकडणारी हीच आहे. डायल गेजचं टोक जॉबच्या मध्यावर टेकवा, काटा शून्यावर आणा आणि मग क्लॅम्प आवळा किंवा व्हॅक्युम चालू करा. काटा ०.०३ मिमीच्या आत राहिला तर जॉब आधीच नीट टेकलेला होता. त्याहून जास्त वर गेला तर क्लॅम्प पत्र्याला वाकवतो आहे. खाली गेला तर जॉबखाली पोकळी होती, ती बंद झाली की अजून आहे ते बघा: बोटाने मध्यावर दाबा, काटा आणखी हलला तर पोकळी उरली आहे.

डायल नसेल तर बोटाच्या पेराने जॉबवर जागोजागी टकटक करा. टेकलेल्या जागी आवाज बंद आणि टणक येतो, पोकळ जागी डबडब येतो. पंधरा-वीस पाट्यांनंतर कान तयार होतो.

दांडिया बाजारातल्या एका वाड्यासाठी ६०० मिमीची पितळी पाटी करताना मी चारही कोपरे भरपूर आवळले होते आणि मध्यावर डायल लावली नव्हती. आडनावाच्या मधल्या दोन अक्षरांवर शिरोरेषा इतकी जाड आली की पाटी वाईट दिसत होती. घेणाऱ्या आजोबांनी तक्रार केली नाही, फक्त अंगठा त्या रेघेवरून फिरवला. पाटी मी पुन्हा करून दिली. तेव्हापासून डायलचा स्टँड मशीनच्या शेजारीच असतो.

टप्पा ६: झीरो

पकड पक्की झाल्यावरच. कोरायचं असेल तर झीरो जॉबच्या वरच्या पृष्ठभागावरून घ्या. आरपार कापायचं असेल तर बेडवरून घ्या, कारण शीटची जाडी छापील आकड्याइतकी क्वचितच असते. एकाच जॉबमध्ये दोन्ही असेल तर कोरून झाल्यावर झीरो बदला, किंवा जाडी चार ठिकाणी मोजून प्रोग्रॅममध्ये घाला.

पाच ठिकाणी, म्हणजे चार कोपरे आणि मध्य, कागद सरकवून उंची बघा. कोरीव कामाला ०.०५ मिमीहून जास्त फरक दिसला तर टप्पा ४ वर परत जा.

काही मशीन पृष्ठभागाचा नकाशा घेऊन खोली आपोआप जुळवतात. ठाम बसलेल्या पण थोड्या तिरक्या जॉबला ते उपयोगी आहे. खालून मोकळ्या पत्र्याला त्याचा उपयोग नाही, कारण नकाशा घेताना पत्र्यावर कटरचा दाब नसतो आणि कोरताना असतो. नाकाडीवर (बिटाभोवतीच्या टोपीवर) टेकून चालणारं, स्प्रिंगवर तरंगणारं एन्ग्रेव्हिंग हेड बाकाशी जुळवून घेतं, पण पृष्ठभागावर नाकाडीचा ओरखडा येऊ शकतो. त्यावर फिल्म ठेवा.

टप्पा ७: कापण्याचा क्रम

आधी कोरीव काम, मग आतले खळगे, मग भोकं, सर्वांत शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर जॉब शीटपासून सुटतो आणि उरलेलं सगळं काम अर्ध्या पकडीवर होतं.

कड कापताना ३ ते ५ मिमी रुंदीच्या, अर्धा ते एक मिमी जाडीच्या टॅब, म्हणजे जॉबला शीटशी धरून ठेवणारे न कापलेले तुकडे, ठेवा. टेप किंवा व्हॅक्युम असेल तर खाली ०.२-०.३ मिमीचा पापुद्रा सोडून शेवटच्या हलक्या फेरीत तो कापा. अपकट बिट कीस वर फेकतं आणि त्याबरोबर शीटलाही वर ओढतं. पातळ शीटला डाउनकट (खाली दाबणारं) बिट बरं, मात्र कीस आत अडकतो, तेव्हा खोली कमी घ्या आणि हवा मारत राहा.

सुरू करण्याआधी कटर २० मिमी वर ठेवून पूर्ण प्रोग्रॅम एकदा हवेत चालवा, नजर क्लॅम्पच्या बोल्टांवर. बिटाची उचल सर्वांत उंच बोल्टाच्या डोक्यापेक्षा जास्त आहे ना हे तेव्हाच कळतं. डोळ्यांवर चष्मा.

एका बाजूने बरंच मटेरियल काढायचं असेल तर शेवटची ०.१-०.२ मिमीची फेरी बाकी ठेवा, क्लॅम्प सैल करा, जॉबला त्याचा ताण सोडू द्या, हलक्या हाताने पुन्हा आवळा, टप्पा ५ ची तपासणी करा, मग ती फेरी मारा. थंड रोल केलेल्या पत्र्यात ताण भरलेला असतो आणि एका बाजूचा थर गेला की तो वाकतोच.

टप्पा ८: उतरवणे

क्लॅम्प लावले तसेच आळीपाळीने सोडा. टेपवरची पाटी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, नीट बसवलेली पाटी इथे वाकते. धातूला हेअर ड्रायरची ऊब द्या, एका कोपऱ्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, कोपरा सुटला की पट्टी आडवी हळूहळू पुढे न्या. ॲक्रिलिकला उष्णता नको, तिथे नायलॉनची मासेमारीची दोरी टेपमधून करवतीसारखी ओढा.

उतरवलेला जॉब पुन्हा काचेवर ठेवा, बाक मोजा, आधीच्या आकड्याशेजारी लिहा. नंतर बेडवर राहिलेला टेपचा प्रत्येक तुकडा खरवडून काढा आणि तळवा फिरवा. पुढच्या पाटीच्या एका कोपऱ्याखाली तो तुकडा राहिला तर शिरोरेषा तिथेच जाड होईल.